रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उलटणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. गुडघ्याची झीज एक्स-रेत दिसते. पण मधुमेहात तळपायांची आग होते, नागीण बरी झाल्यावरही त्या जागी सदऱ्याचा स्पर्शसुद्धा सोसत नाही. ही न्यूरोपॅथिक (मज्जातंतूंना इजा झाल्याने होणारी) वेदना. ती एक्स-रेत दिसत नाही. फायब्रोमायल्जिया या अंगभर दुखण्याच्या आजारात तर तपासणीत इजाच सापडत नाही, मज्जासंस्थाच हळवी झालेली असते. मांजर बॉनेटवर चढलं तरी ठणाणा करणाऱ्या गाडीच्या अलार्मसारखं हे आहे: चोर नसतो, आवाज मात्र खराच असतो. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ’ हा निष्कर्ष चुकीचा, मग तो घरच्यांनी काढलेला असो की खुद्द रुग्णाने.

मज्जातंतूंच्या वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. डॉक्टर अनेकदा कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन देतात. ते नैराश्यावरचं औषध असल्याचं मोबाइलवर वाचून काही जण दुखावतात आणि गोळी बंद करतात. इथे मात्र ते वेदनेचे संदेश मंदावण्यासाठी दिलेलं असतं. गुण यायला काही आठवडे लागतात. तोंडाला कोरड पडली, दिवसा झोप आली तर डॉक्टरांना सांगा. गोळी परस्पर थांबवू नका.