बारीक आहात? तरी पळा!

कळमेश्वरच्या दोस्तांनो, "मी तर बारीक! मला कशाला व्यायाम?" असं म्हणता ना? मग ही गंमत ऐका.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच. पण २००४ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये आकडे छापले : युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! युडकिन मॅरेथॉन धावत. याज्ञिकांची धाव लिफ्टपर्यंत! अर्थात, जन्मजात ठेवणीचाही यात वाटा असतो.

पोटात लपलेल्या चरबीमुळे शरीरात दाह धुमसत राहतो. मग साखर पेशींत पोचवणारं इन्सुलिन हे संप्रेरक नीट काम करत नाही. पळणारे स्नायू मात्र इन्सुलिनवाचूनही रक्तातली साखर ओढून घेतात!

तेव्हा उद्या सकाळी आई-बाबांनाही घेऊन मैदान गाठा!