कार्बनचा काटा कुणाच्या हातात?

उसाची गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याची नजर आकड्यावर खिळते. वजन किती भरले आणि कारखान्याचा उतारा किती लागला, यावर त्याच्या वर्षाचे गणित अवलंबून असते. काट्याविषयी शंका आलीच, तर गाडी बाहेरच्या काट्यावर तोलून आणण्याची सोय तरी आहे. आता मात्र शेतमालासाठी एक नवाच काटा येऊ घातला आहे. माल पिकवताना, वाहताना आणि त्यावर प्रक्रिया करताना हवेत किती कार्बन गेला, ते हा काटा सांगतो. इंग्रजीत याला कार्बन फूटप्रिंट म्हणतात. आपण त्याला कार्बनचा माग म्हणू.

माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ असा एक रकाना असतो, तो शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. जमिनीत कर्ब जितका जास्त, तितके चांगले. हवेतल्या कार्बनचे उलटे आहे. तिथे आकडा जितका कमी, तितका माल गुणाचा. हा आकडा मोठ्या कंपन्यांना आपल्या वार्षिक अहवालात छापावा लागू लागला आहे, आणि त्यासाठीची माहिती गोळा करता करता विचारणा हळूहळू बांधापर्यंत येणार आहे. ‘गोण्या किती टाकल्या? मोटार किती तास चालली? पाचट जाळले का?’ असे कुणी विचारत आले, तर तो सरकारी पाहणीवालाच असेल असे नाही.

बटाट्याने शिकवलेला धडा

कंपनीचा हिशेब शेतापर्यंत कसा पोहोचतो, याचे चांगले उदाहरण इंग्लंडातले आहे. तिथल्या वॉकर्स कंपनीने २००७ साली बटाट्याच्या वेफर्सच्या पुडीवर आकडा छापला : ७५ ग्रॅम. शेतापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत एका पुडीपायी ७५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असा त्याचा अर्थ. कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या मदतीने हा हिशेब झाला होता.

हिशेब करताना एक गंमत उघड झाली. कंपनी बटाटा नुसत्या वजनावर घेत होती. साहजिकच शेतकरी साठवणीच्या गोदामात हवा दमट ठेवायचे. बटाट्यातले पाणी टिकले की वजन टिकते, आणि वजन टिकले की पैसे टिकतात. पुढे तोच ओला बटाटा कारखान्यात तळायला घेतला की आधी ते पाणी उडवावे लागे आणि त्यासाठी जास्त इंधन जळे. म्हणजे पाणी राखायला गोदामात एकदा ऊर्जा खर्च, आणि तेच पाणी घालवायला कढईत पुन्हा खर्च. यात शेतकऱ्याचे काहीच चुकले नव्हते. दर ज्याला मिळतो तेच तो जपणार. खोट खरेदीच्या पद्धतीत होती. त्यावर उपाय निघाला तो असा, की दर देताना बटाट्यातला कोरडा अंश पाहायचा.

आपल्याकडे आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारासारख्या भागात वेफर्सच्या कंपन्यांसाठी कराराने बटाटा पिकतो, तिथल्या शेतकऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. नुसत्या वजनामागे लपलेला दुप्पट खर्च या मोजणीने उजेडात आणला. पण तो दिसल्यावर करार बदलावा लागला, आणि करारात शेतकऱ्याची बाजू मांडायला कुणी नसेल तर असा बदल त्याच्या अंगावरही येऊ शकतो.

हिशेबाचे तीन कप्पे

जगभर हा हिशेब मांडण्याची एक रीत ठरून गेली आहे. ‘जीएचजी प्रोटोकॉल’ नावाची ही नियमावली २००१ मध्ये प्रथम निघाली. तिच्यात कंपनीचा कार्बन तीन कप्प्यांत टाकतात. साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. कारखान्याच्या स्वतःच्या बॉयलरमध्ये, जनरेटरमध्ये, गाड्यांत जे इंधन जळते तो पहिला कप्पा. बाहेरून विकत घेतलेली वीज हा दुसरा. बाकी सगळे तिसऱ्यात : उसाला घातलेले खत, शेतातली मोटार, तोडणी-वाहतुकीचे ट्रॅक्टर, चुना, गंधक, पोती आणि विकलेल्या साखरेचा पुढचा प्रवास.

पहिल्या दोन कप्प्यांसाठी बिले आणि पावत्या असतात, त्यामुळे मोजणी सोपी. तिसरा कप्पा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अंधारातला. बिस्किटे किंवा शीतपेये करणाऱ्या कंपनीच्या तिसऱ्या कप्प्यात आपली साखर असते, आणि त्या साखरेच्या पोटात आपला ऊस. तिथे खरी माहिती मिळाली नाही की हिशेबनीस पुस्तकातली सरासरी उचलतो. आपल्या शेताला लागणारा आकडा असा परक्या सरासरीने ठरतो.

युरियाच्या गोणीत किती?

हे गणित अवघड नाही. २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची झाली. तिच्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र. आयपीसीसी या जागतिक हवामान समितीने २००६ मध्ये दिलेल्या मोजणी-पुस्तकानुसार, घातलेल्या नत्रापैकी सुमारे एक टक्का नत्र जमिनीतून नायट्रस ऑक्साइड वायूच्या रूपाने उडून जाते. हा वायू थोडाच, म्हणजे गोणीमागे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास असतो. पण उष्णता कोंडून धरण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तेज. गुणाकार केला की ८९ किलो होतात. शिवाय युरियाच्या दाण्यात कोंडलेला कार्बन शेतात विरघळल्यावर सुटतो, तो ३३ किलो. एकूण गोणीमागे १२२ किलो. खत कारखान्यात जळलेला गॅस यात धरलेला नाही.

आता खरी मेख पाहा. त्याच समितीने २०१९ मध्ये सुधारित आकडे दिले. ओल्या हवामानात रासायनिक खतासाठी एक टक्क्याऐवजी १.६ टक्के धरा, कोरड्या हवामानात ०.५ टक्के. म्हणजे ८९ किलोंचे कुठे १४२ होतात, तर कुठे ४४. गोणी तीच, शेत तेच, पुस्तकाचे पान तेवढे बदलले. इगतपुरीचे पान आटपाडीला लावले तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून कुणी आकडा सांगितला, तर तो कोणत्या पुस्तकातला आणि कोणत्या हवामानासाठी धरलेला, हे पहिले विचारावे.

बाकीचा हिशेब सोपा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो. विजेचे एक युनिट म्हणजे सुमारे ०.७ किलो, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते. मोटार सौर पंपावर असेल तर चालतानाचा हा आकडा जवळजवळ शून्य. पाचट जाळले तर टनामागे साधारण ७० ते ७५ किलो धरतात. धुरातला कार्बन डायऑक्साइड यात येत नाही, कारण तो उसाने हवेतूनच घेतलेला असतो. मोजतात ते जळताना निघणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड.

एकरी की टनी?

समजा, एका एकर उसाला चार गोण्या युरिया, ४० लिटर डिझेल आणि ६०० युनिट वीज लागली, आणि साडेतीन टन पाचट जाळले. हे आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत. युरियाचे ४८८, डिझेलचे १०८, विजेचे ४२०, पाचटाचे २६०, अशी बेरीज पावणेतेराशे किलोच्या घरात जाते. ऊस ४० टन निघाला तर टनामागे ३२ किलो. त्याच खर्चात ६० टन निघाला तर २१ किलो. आणि पाचट न जाळता सरीत कुजवले तर १७.

यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे, पाचट राखणे, खत मातीआड करणे, पाणी मोजून देणे असे जे सल्ले कृषी विभाग वर्षानुवर्षे देत आला, तेच इथेही लागू पडतात. ज्याचा खर्च कमी त्याचा कार्बनही कमी. दुसरे म्हणजे, आकडा एकरी मांडला की टनी, यावर निकाल फिरतो. माळरानावर कमी पाण्यात २५ टन काढणारा कोरडवाहू पट्ट्यातला शेतकरी टनाच्या हिशेबात मागे पडेल, मग त्याने एकरी कितीही कमी खत घातलेले असो. दुधाचेही तसेच. जनावराच्या पोटातून निघणारा मिथेन लिटरमागे वाटला की जास्त दुधाची संकरित गाय उजळ दिसते आणि देशी गाय मळकी. देशी गाईचे शेण, तिचा बैल, तिचे कडबा खाऊन राहणे हे त्या भागाकारात कुठे धरले, ते तपासावे लागते.

बगॅसचे श्रेय कुणाला?

साखर कारखाना कोळशाऐवजी बगॅस जाळतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड मुख्य बेरजेत न धरता वेगळा दाखवायचा, असा नियम आहे. म्हणून चांगला चाललेला कारखाना या हिशेबात उजवा ठरतो. शिवाय एकाच उसातून साखर, मोलॅसिस, वीज, प्रेसमड असे बरेच काही निघते. मग शेतातला कार्बन या सगळ्यांवर वाटायचा कसा? वजनावर वाटला तर साखरेच्या वाट्याला एक आकडा येतो, किमतीवर वाटला तर दुसरा. दोन्ही रीती जगात चालतात. पाचट राखल्याने कमी झालेला कार्बन मात्र शेतकऱ्याच्या घामाचा असतो. तो कारखान्याच्या किंवा पुढच्या कंपनीच्या अहवालात जमा होतो. ‘आम्ही इतके टक्के घट केली,’ असे रंगीत पानावर छापून येते. त्या पानावर ऊस उत्पादकाचे नाव नसते, आणि बिलात त्याचा रुपयाही नसतो.

कायदा काय म्हणतो?

शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्यात पहिले दोन कप्पे आवश्यक आहेत, तर तिसऱ्याची नोंद ऐच्छिक ठेवली आहे. पुरवठादारांची माहिती मागण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला होता, पण २०२५ मध्ये तीही ऐच्छिक ठेवण्यात आली. युरोपीय संघाने सीमेवर कार्बनची आकारणी करण्याचा नियम केला आहे. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. त्या यादीत लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन आहे. साखर, द्राक्षे, डाळिंब नाहीत. तेव्हा ‘कार्बनचा दाखला घ्या, नाहीतर माल परत येईल’ असे म्हणत कुणी पैसे मागू लागला, तर त्याच्याकडे आधी नियमाचा कागद मागावा.

मोजणी स्वस्त नसते, हेही लक्षात घ्यायला हवे. इंग्लंडातल्या टेस्को या दुकानांच्या साखळीने २००७ मध्ये आपल्याकडच्या सगळ्या, म्हणजे सुमारे ७०,००० वस्तूंवर कार्बनचा आकडा छापण्याची घोषणा केली होती. एकेका वस्तूच्या हिशेबाला कित्येक महिने लागू लागले. काही शे वस्तूंवर आकडे आले आणि २०१२ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे झेपले नाही, त्याचा खर्च दोन एकरवाल्याच्या माथी मारणे बरे नव्हे.

वहीत काय लिहावे?

शेतकऱ्याच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे स्वतःची नोंद. एका साध्या वहीत गटवार लिहून ठेवावे : खताच्या गोण्या आणि तारीख, डिझेलचे लिटर, मोटारीची अश्वशक्ती आणि चाललेले तास, पाचट जाळले की कुजवले, शेणखताच्या गाड्या, आणि शेवटी निघालेले वजन. पुष्कळ पंपांना मीटर नाही किंवा असून चालत नाही, म्हणून तासांची नोंद महत्त्वाची. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला चार-साडेचार युनिट घेते, त्यावरून हिशेब लागतो. खताच्या पावत्या त्याच वहीत टाचाव्यात. कार्बन राहू द्या बाजूला, उत्पादन खर्च काढायलाही हीच वही कामी येते.

सोसायटी, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा कारखान्याच्या सभासदांनी हा विषय वार्षिक सभेत काढायला हरकत नाही. विचारायचे ते थोडके आहे. आमच्या उसाचा आकडा सरासरीने धरलात की आमच्या नोंदीवरून? मोजणीचा खर्च कोण भरणार? आमची माहिती कुणाला देणार, आणि ती आम्हाला पाहायला मिळेल का? कार्बन कमी झाल्याने मालाला जास्त दर मिळाला, तर त्यातले उत्पादकाला किती? या प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. काटा बसवण्याआधी विचारले तर त्याचा उपयोग आहे. एकदा गाड्या चढू लागल्या की रांगेत उभ्या असलेल्याचे कोण ऐकतो?