चित्र उदाहरण देतं, निगमन आपण करतो

चित्र बोलत नाही, वाद घालत नाही, पुरावाही देत नाही. तरी एखादं चित्र बघून माणूस पेटतो. हे कसं होतं? 'चित्र भावनेला हात घालतं' हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. भावनेला शेजारच्या घरातलं भांडणही हात घालतं, पण त्यातून कुणी राज्य उलथून टाकायला निघत नाही. माझं म्हणणं असं की चित्रात तर्क असतो, फक्त तो अर्धा असतो.

आपल्या नैयायिकांनी दुसऱ्याला पटवण्याच्या पाच पायऱ्या सांगितल्यात. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात, हे उदाहरण. डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. आता चित्राकडे या. चित्र यातलं फक्त उदाहरण पुढे ठेवतं. प्रतिज्ञा मांडतच नाही, आणि त्यातच त्याची ताकद आहे. कुणी प्रतिज्ञा मांडली की ऐकणारा लगेच विरोधाला उभा राहतो. गावच्या बैठकीत हे आपण रोज बघतो! जी मांडलेलीच नाही, तिला विरोध कोण करणार?

राजा रविवर्म्याचं १८९० सालचं 'कीचक आणि सैरंध्री' घ्या. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी आणि तिच्यावर हात टाकणारा कीचक. ती अंग चोरून तोंड फिरवते आहे. रविवर्म्याने हे काही बंडासाठी काढलेलं नाही, बडोद्याच्या दरबाराशी त्याचं नातं होतं. पण बघणाऱ्याला कथा पाठ आहे. तो मनातल्या मनात विचारतो, भीम कुठाय? चित्रात भीम नाही. तो बघणाऱ्याला आणावा लागतो.

मग १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. चित्रावरून नाटक झालं असं मी म्हणत नाही, दोघांचं मूळ महाभारतातच आहे. पण प्रेक्षकांनी उपनय केला. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, सबुरी सांगणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. रंगमंचावर कर्झनचं नावही नव्हतं. सरकारने १९१० साली नाटकावर बंदी घातली. त्याच वर्षी छापखान्यांचा कायदा आला. त्याचं कलम तत्त्वज्ञानाच्या माणसाने जरूर वाचावं. शब्दांबरोबर चिन्हं आणि दृश्य चित्रणं त्यात येतात, आणि राजद्रोह सरळ असो की अनुमानाने, सूचनेने, रूपकाने, तो गुन्हाच. म्हणजे सरकारने चक्क अनुमानावर कायदा केला! न बोललेल्या वाक्याची धास्ती सत्तेला किती वाटते, हे यातून कळतं.

आता अवघड भाग. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. तिथे 'शारदा' नाटक होतं, 'कीचकवध' नव्हे, तेव्हा सरळ कार्यकारणभाव जोडू नका. रागाला कारण होतं, बाबाराव सावरकरांवरचा खटला जॅक्सनकडूनच पुढे गेला होता. पण हा जॅक्सन संस्कृत जाणणारा म्हणूनही ओळखला जायचा. प्रश्न असा, की एकदा एखाद्याला कीचकाच्या जागी बसवलं, की तो माणूस आणखी काय काय आहे याची चौकशी आपण करतो का? करत नाही. कथेतल्या कीचकाचं काय होतं ते ठरलेलंच असतं. उपनयाबरोबर शिक्षाही आयती येते. परकी सत्ता अन्यायी होती हे मी शंभरदा मान्य करीन. तरी सत्ता आणि समोरचा माणूस यांच्यातला फरक चित्र करून देत नाही, तो आपल्यालाच करावा लागतो.

पॅरिसच्या लूव्हरमध्ये देलाक्रवाचं १८३०च्या जुलै क्रांतीवरचं चित्र आहे. झेंडा उंचावलेली स्वातंत्र्यदेवता, शेजारी पिस्तुलं घेतलेला पोरगा, उंच टोपीतला एक गृहस्थ, तलवार घेतलेला कामगार, पायाशी प्रेतं. सगळे चालून येतात ते थेट आपल्या अंगावर. जरा विचार करा, आपण उभे कुठे आहोत? राजाच्या सैनिकांच्या जागी! म्हणजे बघणाऱ्याला दोनच वाटा राहतात: तुडवलं जायचं, नाहीतर वळून त्यांच्यात सामील व्हायचं. तिसरी वाट चित्रकाराने ठेवलेलीच नाही. नव्या राजाच्या सरकारने १८३१ साली ते तीन हजार फ्रँकला विकत घेतलं, आणि थोड्याच काळात लोकांच्या नजरेआड केलं. क्रांतीनेच गादीवर बसवलेला राजा तो, पण पुढची क्रांती त्याला नको होती.

एवढ्या लांब कशाला, लोणी देवकरमधून बाहेर पडून सोलापूर रस्त्याला लागा. फ्लेक्सवर शिवाजी महाराज, आणि महाराजांच्याच शेजारी, जवळजवळ तेवढ्याच उंचीचा कुणीतरी भावी सदस्य. (सगळेच भावी असतात.) शब्द काय, तर वाढदिवसाच्या शुभेच्छा. उपनय मात्र होऊन गेलेला असतो. 'हा तसाच आहे' हे वाक्य त्या फ्लेक्सखाली खरोखर छापायला सांगा. छापणारासुद्धा हसेल.