दुष्काळ पावसाचा आणि पाण्याचा

पूर एका रात्रीत येतो, भूकंप काही क्षणांत होत्याचे नव्हते करतो. दुष्काळ मात्र पावले न वाजवता येतो. जून कोरडा गेला म्हणजे शेतकरी जुलैवर भिस्त ठेवतो, जुलैने दगा दिला की पोळ्यापर्यंत वाट पाहतो, आणि परतीचा पाऊसही हुकला म्हणजे संकट केव्हाच उंबरठ्याच्या आत आले असल्याचे त्याच्या ध्यानात येते. दुष्काळाच्या या मंद गतीमुळेच इतर आपत्तींच्या मानाने त्याची उपेक्षा अधिक होते.

अवर्षण आणि दुष्काळ हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः अवर्षण ही निसर्गाची घटना आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, माण, आटपाडी, सांगोला, आष्टी यांसारख्या तालुक्यांत, पाऊस मुळातच कमी व लहरी. भूमीखालचा काळा पाषाण पाणी फारसे साठवून ठेवीत नाही. एवढे निसर्गाचे दान झाले. त्या दानावर आपण जो संसार मांडतो, त्यावर अवर्षणाचा दुष्काळ होणार की नाही, हे पुष्कळ अंशी ठरते.

१९७२ च्या दुष्काळात प्रश्न प्रामुख्याने धान्याचा आणि हाताला कामाचा होता. खडी फोडणारी माणसे, परदेशातून आलेला मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी या त्या पिढीच्या आठवणी आहेत. त्या अनुभवातूनच रोजगार हमीची योजना दृढ झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. एप्रिल २०१६ मध्ये मात्र मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. बाजारात धान्य होते. आटले होते ते धरण आणि भूगर्भ. मधल्या दशकांत विंधन विहिरी खोल खोल गेल्या आणि कमी पावसाच्या प्रदेशातही उसाचे क्षेत्र वाढत राहिले. भुकेच्या दुष्काळावर उपाय सापडला, तोवर तहानेचा दुष्काळ उभा राहिला होता.

शासनाची मोजपट्टी दीर्घकाळ पैसेवारीची होती. पीक पन्नास पैशांच्या आत आले की टंचाई मान्य व्हायची. म्हणजे हंगाम हातचा गेल्यावर. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पर्जन्यमान, जमिनीतील ओल, वनस्पतींची स्थिती व भूजल यांचा विचार होतो. त्या आधारे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि तालुक्याच्या सरासरीत एकट्या गावाची कोरडी विहीर दिसत नाही. ती दिसते फक्त गावाला.

म्हणूनच पाण्याचा हिशेब गावानेच मांडला पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाळा संपल्यावर ग्रामसभा उपलब्ध पाणी मोजते, माणसे व जनावरे यांचा वाटा आधी बाजूला काढते आणि मग रब्बीला काय पेरायचे ते ठरवते. शेतीसाठी विंधन विहीर घेण्यास आणि उसासारख्या पिकांस तेथे बंदी आहे. हा वार्षिक हिशेब तेथील बांधबंदिस्तीइतकाच महत्त्वाचा आहे.

अर्थात अशी शिस्त प्रत्येक गावाला आपोआप लाभत नाही. ज्याची जमीन त्याचे खालचे पाणी, ही समजूत घट्ट रुजलेली आहे. खोल जाण्याची ऐपत असलेला टिकतो; शेजाऱ्याची उथळ विहीर आधी आटते. भूमिहीनाच्या घरातील बाईला तर टँकरची वाट पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हा अन्याय केवळ ग्रामसभेच्या ठरावाने मिटणारा नाही. २००९ च्या भूजल कायद्याचा अंमल खंबीरपणे झाला, विहिरींच्या पातळीची माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीला ऑक्टोबरातच मिळाली आणि रब्बीच्या पेरणीआधी तिच्यावर चर्चा झाली, तरच गावाच्या निर्णयाला बळ येईल. मार्चमध्ये टँकरची मागणी करणाऱ्या गावाजवळ निवड करण्याजोगे काही शिल्लक राहिलेले नसते.