वनौषधी आणि आतड्यातील नीला

आतड्यातील रक्त ज्या वाहिन्यांवाटे यकृताकडे जाते, त्यांना नीला म्हणतात. मोठ्या आतड्याच्या मुख्यतः उजव्या भागातील नीलांच्या भित्ती जाड व कठीण होऊन त्यांत कॅल्शियम साचण्याच्या दुर्मिळ विकारास ‘मेसेन्टेरिक फ्लेबोस्क्लेरोसिस’ असे नाव आहे. रक्ताचा निचरा मंदावतो, आतड्याचे अस्तर निळे-जांभळे पडते. पोटदुखी, अतिसार, क्वचित आतड्यात अडथळा ही लक्षणे आढळतात. काही रुग्णांना मात्र कोणताच त्रास जाणवत नाही आणि विकार तपासणीतच उघड होतो.

१९९१ मध्ये जपानमध्ये याची नोंद झाली. कारण न उमगल्याने २००३ मध्ये नावाआधी ‘अज्ञातहेतुक’ हे विशेषणही जोडले गेले. पुढे रुग्णांचा औषधेतिहास तपासता अनेकांनी ‘कांपो’ या पारंपरिक पद्धतीची औषधे वर्षानुवर्षे घेतल्याचे दिसून आले. या औषधांतील समान घटक होता अनंताचे फळ. आपल्या अंगणात सुवासिक फुलांसाठी लावतात तोच हा अनंत.

या फळातील जेनिपोसाइड हे द्रव्य मोठ्या आतड्यात पोहोचले की तेथील जिवाणू त्याचे जेनिपिनमध्ये रूपांतर करतात. जेनिपिन प्रथिनांशी संयोग पावून निळे रंगद्रव्य बनवते व कोलॅजेनचे धागे एकमेकांत गुंफते. नीलांच्या भित्तींतही हेच घडत असावे, असे अनुमान आहे. येथे एका मात्रेपेक्षा कालावधी महत्त्वाचा ठरतो. म्हणूनच २०१८ मध्ये जपानने अशा औषधांच्या माहितीपत्रकांत दीर्घकालीन, विशेषतः पाच वर्षांहून अधिक, सेवनाबाबत इशारा समाविष्ट केला. औषध बंद करणे हाच मुख्य उपचार होय.

आपल्याकडील डिकेमाली हा अनंताच्याच प्रजातीतील अन्य झाडांचा डिंक आहे. केवळ नात्यावरून त्याला दोषी ठरवणे अशास्त्रीय होईल. २०२१ मध्ये मुंबईतील सहा रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध गुळवेलीशी जोडला गेला, तेव्हा वनस्पतीची ओळखच चुकली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला होता. असे वाद नोंदींवाचून सुटत नाहीत. २०१७-१८ च्या अखेरीस आयुष औषधांसाठी औषधदक्षता योजना सुरू झाली व दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र झाली. तथापि काढा हे ‘औषध’ आहे असे बहुसंख्य रुग्णांना वाटत नाही. त्यामुळे ते डॉक्टरांना सांगितले जात नाही आणि विचारलेही क्वचितच जाते.