कायद्याचे शिक्षण कोठे घ्यावे?

बारावीचा निकाल लागला की शाळेच्या व्हरांड्यात एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो. कागलकडचा, पन्हाळ्याकडचा एखादा पालक टोपी हातात धरून विचारतो, "सर, पोरीला वकील करायचं म्हणतोय. कुठं घालू?" अनेक वर्षे आम्ही या प्रश्नाचे उत्तर न अडखळता देत आलो : गुण चांगले असतील तर पुणे, त्याहून चांगले असतील तर मुंबई. या उत्तरामागे फारसा विचार नव्हता. उच्च न्यायालय मुंबईत, मोठे वकील मुंबईत, तेव्हा शिक्षणही त्याच वाटेवर, एवढाच हिशेब होता.

१७ ऑगस्ट २०२५ रोजी तो हिशेब बदलला. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन त्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे आता येथे चालतात. चार दशकांहून अधिक काळ वकिलांनी व नागरिकांनी त्यासाठी आंदोलन केले होते. देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश या प्रसंगी व्यासपीठावर होते, याचा आनंद आम्ही लपवीत नाही. मात्र पालकांनी त्यांच्याविषयीची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांनी कायद्याची पदवी अमरावतीत घेतली आणि १९८५ साली वकिलीस आरंभ केला. मोठ्या शहरातील नामांकित महाविद्यालयाचा शिक्का त्यांच्यापाशी नव्हता.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्याने बाबासाहेबांच्या वकिलीकडे वळल्याशिवाय राहवत नाही. १९१६ साली त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव नोंदविले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली शिक्षण अर्ध्यावर सोडून परतावे लागले. मार्च १९२० मध्ये आपल्या कोल्हापूर संस्थानातील माणगावला परिषद झाली, राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांना समाजाचा पुढारी म्हणून गौरविले आणि त्याच वर्षी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. त्या शिक्षणास महाराजांचे आर्थिक साहाय्य होते. १९२३ साली ते बॅरिस्टर होऊन परतले तेव्हा महाराज हयात नव्हते.

पुढचा भाग आपल्या सभांत कमी सांगितला जातो. एवढ्या पदव्या असूनही मुंबईतील सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला काम देत नव्हते. संसार चालविण्यासाठी बाबासाहेबांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. त्यांच्या वकिलीस खरी ओळख मिळाली ती १९२६ साली पुण्यात चाललेल्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरील खटल्यात. जेधे-जवळकरांची बाजू त्यांनी मांडली आणि खटला जिंकला. महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९२७ साली सुरू झाला, त्याचा उच्च न्यायालयातील निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. पदवी लंडनची होती, पण अशील आले ते चळवळीतून, गावोगावच्या ओळखीतून. म्हणून कोठे शिकावे आणि कोठे उभे राहावे हे दोन प्रश्न आहेत, आणि दुसरा आधी सोडविला पाहिजे असे आमचे मत झाले आहे.

आता प्रत्यक्ष वाटा पाहू. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि पदवीनंतर तीन वर्षांचा. सनद दोहोंनाही सारखीच मिळते, त्यामुळे बी.ए. झालेल्या मुलाने आपण मागे पडलो असे समजू नये. राज्यातील महाविद्यालयांचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतात. ही परीक्षा मराठीतही देता येते. कोल्हापुरात १९३३ पासूनचे शहाजी लॉ कॉलेज आहे, साताऱ्यास रयत शिक्षण संस्थेचे इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे. पुण्याचे आयएलएस, मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय (बाबासाहेब तेथे १९२८ पासून शिकवीत होते व १९३५ साली प्राचार्य झाले) आणि त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय याच वाटेवर येतात. दुसरी वाट क्लॅट परीक्षेची. तिच्यातून मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांत आणि देशातील अशाच इतर विद्यापीठांत प्रवेश मिळतो. ती परीक्षा केवळ इंग्रजीत असते, चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात आणि वर्षाचा खर्च लाखांत जातो.

पालक येथे शुल्क पाहून थांबतात. ते चूक आहे. भारत सरकारची शिष्यवृत्ती, फ्रीशिप, शासकीय वसतिगृह, स्वाधार योजना यांची चौकशी केल्यावाचून कोणतेही नाव यादीतून खोडू नये. ज्या मुलीचे इंग्रजी वाचन पक्के आहे आणि जिला क्लॅटमधून जागा मिळते, तिला 'लांब आहे' म्हणून अडविणे आम्हांला मान्य नाही.

परंतु खर्च पदवीपाशी संपत नाही. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. आपली पुष्कळ मुले न्यायाधीश होण्याचे स्वप्न घेऊन कायद्याकडे येतात. ही तीन वर्षे त्यांनी कोणत्या शहरात, कोणाच्या हाताखाली आणि कोणाच्या पैशांवर काढायची? कनिष्ठ वकिलाला मिळणाऱ्या पैशांत मुंबईत खोलीचे भाडेही भागत नाही. कोल्हापुरात निदान घरचा डबा मिळतो आणि आता उच्च न्यायालयही आहे. सनदेच्या नोंदणीचे शुल्क मात्र पूर्वीइतके भीतिदायक राहिलेले नाही : जुलै २०२४ च्या निकालाने ते अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर आले.

भाषेचाही विचार हवा. तालुका व जिल्हा न्यायालयांत मराठी चालते, उच्च न्यायालयात संविधानाच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजी. म्हणजे कोल्हापुरात राहणाऱ्या मुलालाही इंग्रजीतून सुटका नाही, उलट ती आता त्याच्या दाराशी आली आहे. काही वर्षांपूर्वी आमचा एक हुशार विद्यार्थी आमच्याच आग्रहाने मोठ्या शहरात गेला. इंग्रजी व्याख्याने त्याला कळेनात, सांगायला लाज वाटे, आणि पहिल्या वर्षाअखेर तो परतला. पुढे पदवी घेऊन त्याने येथे तीन वर्षांचा अभ्यासक्रम केला आणि आज तो चांगली वकिली करतो. त्याची दोन वर्षे आमच्या घाईने गेली.

त्याहून मोठी चूक कागदांची. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. बौद्ध घरांत ही अडचण विशेष असते. १९५६ नंतरच्या दाखल्यांवर बौद्ध अशी नोंद, त्यापूर्वीच्या कागदांवर महार. दोन्हींची साखळी जोडून दाखवावी लागते. पणजोबा शाळेत गेलेलेच नसतील तर तहसील कार्यालयातून कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल काढावी लागते, आणि तिला महिने लागू शकतात. शिवाय केंद्रीय सवलतींसाठी दाखल्याचा नमुना वेगळा असतो. १९९० साली बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला, तेव्हापासून तो आपल्याला मिळू शकतो, पण तो मागावा लागतो. आमच्या एका विद्यार्थिनीस हे आम्ही निकालानंतर सांगितले. नक्कल आली तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. गुण होते, जागा होती, पणजोबांच्या नावाचा एक कागद नव्हता. तेव्हापासून अकरावीच्या पहिल्या पालकसभेत आम्ही प्रथम हाच विषय काढतो.

येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी अकरावी-बारावीच्या मुलांचे कागद तपासण्यास आम्ही शाळेत बसणार आहोत. वकिली करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी त्या दिवशी यावे, आणि शक्य असेल त्यांनी पुढच्या एखाद्या कामकाजाच्या दिवशी चार-पाच मुलांना सोबत घेऊन सर्किट बेंचचे कामकाज दाखवावे. पालकांनी येताना आजोबांचा शाळेचा दाखला आणावा. नसल्यास त्यांचे मूळ गाव व तालुका लिहून आणावा.