भोरचा शेजारी ब्राझीलमध्ये

मध्यवर्ती सर्व्हर नसताना फाइल सापडते कशी? दिसेल त्याला विचारत सुटून नव्हे. २००२ साली पेटार मायमुंकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी मांडलेल्या कॅडेम्लिया या वितरित हॅश टेबलात प्रत्येक संगणकाला आणि फाइलला १६० बिटांचा क्रमांक असतो. फाइलच्या क्रमांकाच्या सर्वांत जवळचे क्रमांक ज्यांचे, ते संगणक तिचा पत्ता सांभाळतात. १०११ आणि १००१ यांत तिसरा अंक तेवढा वेगळा. वेगळ्या अंकाच्या जागी १ आणि सारख्याच्या जागी ० मांडले की अंतर ००१०, म्हणजे २. रस्त्यावरचे अंतर इथे मोजतच नाहीत. वेल्ह्यातून कुणी तोरण्याची छायाचित्रे खुली केली, तर त्यांचा पत्ता ब्राझीलमधल्या संगणकाकडे असू शकतो आणि भोरमधल्या माणसाला तो तिथूनच मिळेल.

हा वळसा उधळपट्टीचा वाटेल, पण तसा तो नाही. शोधाच्या दर टप्प्याला क्रमांकांतले उरलेले अंतर निदान निम्मे होते, म्हणून दहा लाख संगणकांतही साधारण वीस टप्पे पुरतात. पावसाळ्यात वीज गेली आणि पत्ता सांभाळणारा संगणकच बंद पडला तर? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तो पत्ता अनेकांकडे ठेवतात, ठरावीक वेळाने पुन्हा नोंदवतात. खोट्या क्रमांकांची फौज घेऊन घुसणाऱ्यांवर मात्र अजून पक्का इलाज सापडलेला नाही.